भूलमावशींची पैज

भूलमावशी कोणालाही माफ करत नसत. त्यांच्याबद्दल चांगलं बोलणारी माणसं कार्डिफमध्ये पुष्कळ आहेत, पण "झालं गेलं विसरून गेल्या" असं त्यांच्यापैकी एकही सांगणार नाही. त्यांचं नाव डॉ. कुमुद प्रधान. शहरातल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात निवृत्त होईपर्यंत त्यांनी पेशंटना भूल दिली, त्यावरून मराठी मंडळातल्या मुलांनी त्यांना भूलमावशी केलं. ती मुलं पुढे डेंटिस्ट, अकाउंटंट, सॉलिसिटर झाली, तरी हाक तीच राहिली. मावशींना ती आवडे. "भूल मी दुसऱ्याला देते," त्या म्हणत. "स्वतः कधी घेतलेली नाही."

बुटक्या, सावळ्या, केस कानापर्यंत कापलेले. सुती साडीवर कार्डिगन आणि पायात चालायचे बूट. कोणी नवं भेटलं की त्या तोंडाकडे न बघता गळ्याकडे बघत. ही कामातली सवय होती. भूल देण्याआधी जबडा किती उघडतो, मान किती वळते, घशात नळी सहज जाईल का, याचा अंदाज घ्यावा लागतो. निवृत्तीनंतरही तो अंदाज चालूच राहिला. मंडळातल्या एका नव्या सुनेला त्यांनी चारचौघांत सांगितलं होतं, "तुझा गळा सोपा आहे हो." ते कौतुक आहे हे सुनेला कळायला बराच वेळ लागला. "माणूस तोंडानं खोटं बोलतो," मावशी सांगत. "गळ्याला ते जमत नाही. आवंढा यायचा तेव्हा येतोच."

ही सवय त्यांना जिथे उपयोगी पडली, ती जागा कोणाला सुचली नसती. मावशी गोल्फवर पैजा लावत. तेही साध्या गोल्फवर नाही, दर दोन वर्षांनी युरोप आणि अमेरिका यांच्यात होणाऱ्या सांघिक स्पर्धेवर. त्या स्पर्धेत मॅच प्ले असतो. एकूण टोल्यांची बेरीज करायची नसते. प्रत्येक होल ही वेगळी कुस्ती, आणि जास्त होल जिंकणाऱ्याचा सामना. शेवटच्या दिवशी एकास एक अशा बारा लढती होतात. मावशींनी स्वतः गोल्फची काठी कधी हातात धरली नव्हती. कोणी त्याबद्दल विचारलं तर उत्तर तयार असे. "मला खेळायचं नाही. मला जिंकायचं आहे."

स्पर्धा जवळ आली की त्या बेटिंग शॉपमध्ये जात. मी शेजारी राहत होतो आणि एका स्थानिक वर्तमानपत्रात नोकरी करत होतो. सोबतीला त्या मला नेत. आत घोड्यांच्या शर्यती बघत बसलेले म्हातारे वेल्श लोक त्यांना जागा करून देत आणि काउंटरवरचा माणूस "या डॉक" म्हणे. तिथे त्या अगदी किरकोळ रक्कम लावत. भिंतीवरच्या टीव्हीवर सरावाची दृश्यं चालू असत. मावशी चष्मा कपाळावर सरकवून खेळाडूंच्या मानेच्या शिरा बघत. "ह्याचा श्वास वरच्या वर आहे. हा सोळाव्या-सतराव्या होलला बसणार." बऱ्याचदा तो बसे. जिंकल्यावर मात्र त्यांना फारसा आनंद झालेला दिसत नसे. "हा रियाज आहे," त्या मला म्हणाल्या. "मैफल सबनीसांकडे."

डॉ. अरविंद सबनीस हे त्याच हॉस्पिटलातले पोटाचे सर्जन. मंडळाचे अध्यक्ष, आणि गोल्फ क्लबचे एके काळचे कॅप्टन. मावशी, त्यांचे यजमान वसंतराव आणि सबनीस हे तिघं पुण्यात मेडिकलला एका वर्गात होते आणि थोड्या अंतरानं कार्डिफला आले. तिघांत अरे-तुरे होतं. ऑपरेशन थिएटरमध्ये मावशींनी झोपवायचं आणि सबनीसांनी कापायचं, असं कित्येक वर्षं चाललं. वसंतराव छातीचे डॉक्टर, हळू आवाजात बोलणारे. गोल्फची गोडी त्यांना सबनीसांनीच लावली. त्या क्लबात तेव्हा हे दोनच मराठी चेहरे होते.

मॅच प्लेमध्ये एक रीत आहे. बॉल होलच्या अगदी जवळ असला आणि तो आत जाणार हे उघड असलं, तर प्रतिस्पर्धी म्हणू शकतो, मारू नकोस, गेला असं धरू. होलजवळच्या अशा छोट्या टोल्याला पट म्हणतात, म्हणून हे पट देणं. एकदा दिला की तो परत घेता येत नाही. हे दोघं खेळताना ते मराठीत म्हणायचे, "राहू दे." राहू दे म्हटलं की समोरच्यानं बॉल उचलायचा आणि पुढच्या होलकडे चालायला लागायचं.

वीसेक वर्षांपूर्वी क्लबच्या स्पर्धेत अंतिम सामन्याला हे दोघंच समोरासमोर आले. शेवटच्या होलवर सामना बरोबरीत होता. वसंतरावांचा बॉल होलपासून हातभर अंतरावर थांबला. क्लबच्या खिडक्यांतून सभासद बघत होते. सबनीस म्हणाले, "राहू दे." वसंतरावांनी बॉल उचलला. सबनीसांनी खिडक्यांकडे पाहिलं आणि इंग्रजीत मोठ्यानं म्हटलं, की यांनी बॉल उचलला आहे.

कमिटीनं दोघांना बोलावून विचारलं, तुम्ही नेमकं काय म्हणालात? सबनीसांनी भाषांतर करून सांगितलं, मी त्याला बॉल तिथेच राहू दे म्हणालो. त्या खोलीत मराठी समजणारा तिसरा माणूस नव्हता. वसंतरावांना एका टोल्याचा दंड झाला, त्यानं होल गेला आणि होलबरोबर सामना. पुढच्या वर्षी कॅप्टनपदासाठी दोघांची नावं चर्चेत होती. वसंतरावांचं नाव मागे पडलं. गोल्फ क्लबात बॉल उचलणारा म्हणून ओळख झाली की तोंडावर कोणी काही बोलत नाही. फक्त बरोबर खेळायला कोणाला वेळ नसतो.

मावशींनी त्या रात्री वसंतरावांना विचारलं होतं, "त्याच सामन्यात आधी तो राहू दे म्हणाला तेव्हा तू उचललास ना बॉल? तेव्हा बरा चालला त्याला?" वसंतराव म्हणाले, "असू दे कुमुद. तिथे आम्ही दोघंच मराठी आहोत. दोघांत भांडण लागलेलं त्या लोकांना दिसायला नको." हे मावशींनी मला अनेकदा सांगितलं, आणि दर वेळी शेवटी म्हणाल्या, "ह्यांना लाज वाटली दोघांची. त्याला एकाचीही वाटली नाही."

त्या वर्षीच्या दिवाळीच्या कार्यक्रमात सबनीसांनी दारातच वसंतरावांचं स्वागत केलं, "या, या, डॉक्टर उचले!" हॉल हसला. ज्यांना किस्सा माहीत नव्हता त्यांना तो लगेच सांगण्यात आला आणि तेही हसले. वसंतराव स्वतः हसले. मावशींनी हातातली फराळाची बशी टेबलावर ठेवली आणि पुन्हा उचलली नाही. हे नाव पुढे काही वर्षं चाललं. वसंतराव गोल्फ सोडून घरामागे भाजी लावू लागले, मंडळात कमी येऊ लागले, आणि मग आजारी पडून गेले.

सबनीस भेटायला आले तेव्हा मी तिथे होतो. सोफ्यावर बसून त्यांनी डोळे पुसले. अश्रू खोटे नसावेत. मग म्हणाले, "फार सज्जन माणूस होता गं वसंत. फक्त गोल्फमध्ये जरा घाई करायचा."

मावशींनी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला. "साखर घालू का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

कॉलेजपासूनचा 'तू' त्या वाक्यात संपला. त्यानंतर मावशींनी सबनीसांना कधीही अरे म्हटलं नाही. सबनीसांना वाटलं, वयानं माणूस सौम्य होतो. त्यांच्या पत्नी शैलाताईंना मात्र पहिल्या दिवशीच कळलं. "अहो, ती तुम्हाला मान देत नाहीये," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "ती तुम्हाला बाहेर काढतेय." सबनीस मावशींना तूच म्हणत राहिले.

पैजा इथून सुरू झाल्या. स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी सबनीसांच्या घरी मोठ्या टीव्हीसमोर मंडळातली आठ-दहा माणसं जमत. साबुदाणा खिचडी, वेल्श चीज आणि सबनीसांचं समालोचन. वसंतराव गेल्यानंतरच्या स्पर्धेला मावशी न बोलावता हजर झाल्या. एका लढतीवर सबनीस अधिकारवाणीनं बोलत होते. मावशी म्हणाल्या, "पैज लावता?" पितृपक्ष चालू होता. शैलाताई म्हणाल्या, "अगं कुमुद, पितृपक्षात काही शुभ काम नको सुरू करू." मावशींनी त्यांच्याकडे वळून विचारलं, "शुभ कोण करतंय?"

पैसे लावायला त्यांनी साफ नकार दिला. "पैसे तुमच्याकडे खूप आहेत. गेलेले कळणार नाहीत. कळेल असं काहीतरी लावा." सबनीसांना गणपतीच्या वेळचं आपलं अध्यक्षीय भाषण फार प्रिय होतं, ते लांब असे आणि त्यात हॉस्पिटलातले सुरुवातीचे दिवस येत. मावशींनी ते मागितलं. सबनीसांचा अमेरिकन सतराव्या होलवर हरला. पुढच्या गणपतीत अध्यक्ष उठले, "नमस्कार" म्हणाले आणि बसले. मंडळाच्या इतिहासात इतक्या टाळ्या त्यांना कधी मिळाल्या नव्हत्या. मावशी सर्वांत शेवटपर्यंत वाजवत होत्या.

एकदा त्या हरल्या. त्यांचा युरोपियन चांगला पुढे होता आणि कोसळला. पैजेप्रमाणे त्यांना कोजागिरीला अमेरिकेचा झेंडा असलेली टोपी घालून मसाला दूध वाटावं लागलं. नऊवारी नेसून, वर ती टोपी घालून, त्यांनी प्रत्येकाला पेला दिला आणि प्रत्येकाला सांगितलं, "हरले. नीट बघून घ्या." सबनीसांना त्यात जी मजा यायला हवी होती ती आली नाही. हरण्याची मावशींना लाज वाटावी अशी त्यांची अपेक्षा होती. मावशींची लाज मात्र दुसरीकडे गुंतलेली होती.

त्यानंतरच्या वेळी सबनीस चिडून म्हणाले, "मिशी लावतो!" आणि हरले. ती मिशी कॉलेजपासूनची होती. ती गेल्यावर त्यांचा वरचा ओठ किती पातळ आहे ते सगळ्यांना पहिल्यांदा दिसलं. त्यांची मुलगी रिया, कार्डिफमध्येच जन्मलेली, पेशानं फार्मासिस्ट, बापाकडे बघून दचकली. "ओ माय गॉड डॅड, तू हेडमास्टरसारखी दिसतो." सबनीस नंतर मिशी वाढवायचा प्रयत्न करत होते, पण ती पांढरी आणि विरळ आली. मावशींनी ती निरखून पाहिली आणि म्हणाल्या, "जुनी परत येत नाही. काही गोष्टींचं असं असतं."

कोणालाही प्रश्न पडेल, की सबनीस दर वेळी पैज का घेत. ते काही मूर्ख नव्हते. माझ्या समजुतीप्रमाणे त्याचं कारण साधं होतं: जिनं कधी काठी धरली नाही अशा बाईनं आपल्याला गोल्फमध्ये हरवावं, हे त्यांना सहन होत नव्हतं. आणि नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. मावशींना दोन्ही माहीत होतं. "सर्जनला थांब म्हटलेलं चालत नाही," त्या म्हणायच्या. "मी आयुष्यभर पेशंटच्या डोक्याशी उभी राहून त्यांना बघितलंय."

मग ती शेवटची पैज आली. त्या वर्षी सामने युरोपात होते, त्यामुळे सगळं दुपारीच चालू झालं. मावशी आल्या, खुर्चीत बसल्या आणि खिचडी नको म्हणाल्या. रिया नेहमीच्या उत्साहानं म्हणाली, "मावशी, ह्या वेळी कुठला बेट आहे?"

"बेट समुद्रात असतं," मावशी म्हणाल्या. "ही पैज."

"ओके, कुठला पैज?"

मावशींनी सबनीसांकडे बघितलं. "मी जिंकले तर तुमच्या क्लबच्या वार्षिक डिनरला तुम्ही उभं राहायचं, आणि इंग्रजीत सांगायचं, की वसंताचा तो पट तुम्ही दिला होता. तुम्ही जिंकलात तर मी मंडळात उभी राहून सांगेन, की माझा नवरा चुकला. पुन्हा हा विषय काढणार नाही."

मावशींनी या वेळी नवऱ्याचं नाव पणाला लावलं होतं, हे सगळ्यांना कळलं. वसंतरावांनी आयुष्यात एखाद्या पेशंटवरसुद्धा आवाज चढवला नव्हता. ते चुकले, असं त्यांची बायको उभी राहून सांगणार होती.

"एवढ्या जुन्या गोष्टी काय उकरतेस, कुमुद?" सबनीस म्हणाले.

"जुनी तुमच्यासाठी. मी ती फ्रिजमध्ये ठेवलीय."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

उत्तर शैलाताईंनी दिलं. त्या दारात हात पुसत उभ्या होत्या. "का म्हणाल नाही? मिशी लावताना विचार केला नाहीत."

सबनीसांनी आठवी लढत निवडली. नेहमीप्रमाणे अमेरिकन त्यांचा: अनुभवी, रुंद खांद्यांचा, कधी न हसणारा. मावशींच्या वाट्याला आलेला युरोपियन पोरगेला होता, या स्पर्धेत पहिल्यांदाच खेळणारा. पहिले काही होल अमेरिकन पुढे राहिला. सबनीस समालोचन करू लागले. मावशी पडद्यावर चेहरा जवळून दाखवला की तेवढ्यापुरत्या पुढे झुकत. मध्यावर त्या मला हळूच म्हणाल्या, "मोठ्याचा आवंढा बघ. गिळतोय आणि उतरत नाहीये." पण पोरग्याचाही उतरत नव्हता, ते त्या म्हणाल्या नाहीत. त्यांचे दोन्ही हात पदरात होते.

शेवटच्या होलवर सामना बरोबरीत आला. अमेरिकनचा बॉल आत गेला. पोरग्याचा होलच्या तोंडाशी थांबला. आता एवढा पट घातला की बरोबरी, चुकला की मावशी हरल्या. पोरगा बॉलकडे चालत गेला आणि खाली वाकला. तेवढ्यात अमेरिकननं टोपी काढली आणि हात पुढे केला. पट दिला. प्रेक्षक ओरडले, दोघांनी हस्तांदोलन केलं, सामना बरोबरीत सुटला.

"सो, कोण जिंकला?" रियानं विचारलं.

कोणीच जिंकलं नव्हतं. बेटिंग शॉपमध्ये बरोबरीवर वेगळा भाव असतो. इथे बरोबरीचं काय करायचं ते कोणी ठरवलं नव्हतं. सबनीसांनी रुमालानं कपाळ पुसलं. त्यांचा चेहरा एकदम सैल झाला होता. मावशी म्हणाल्या, "मैदानावर अजून चार लढती आहेत. दुसरी निवडा."

सबनीस हसले. सुटल्यासारखं हसले आणि हात हलवून म्हणाले, "छे छे, पुरे झालं. राहू दे कुमुद, राहू दे."

मावशी उठून उभ्या राहिल्या. कार्डिगनची बटणं लावली. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "डिनर कधी असतं तुमचं?"

"काय?"

"दिलंत ना? राहू दे म्हणालात."

"अगं, तसं नाही. राहू दे म्हणजे... आता सोडून दे, असं."

"म्हणजे पुढे खेळू नकोस, झालं असं धर."

सबनीसांनी रुमाल पुन्हा बाहेर काढला.

"की आहे तिथेच असू दे, हात लावू नकोस?" मावशींचा आवाज ऑपरेशनच्या आधी पेशंटला नाव-गाव विचारतात तसा होता. "कमिटीला तुम्ही तो अर्थ सांगितलात. तो घ्या हवा तर. मग आपली पैज आहे तिथेच आहे, आणि मी इथेच बसते, दुसरी लढत निवडा. पहिला घेतलात तर तुम्ही सोडलंत. कुठला घेता?"

"कुमुद, शब्दात काय पकडतेस?"

"तुम्ही शब्दातच पकडलंत त्याला."

रिया गोंधळून दोघांकडे बघत होती. तिला त्या जुन्या सामन्यातलं एवढंच माहीत होतं, की वसंतकाकांनी बॉल उचलला होता. ती म्हणाली, "बट डॅड, तू माझ्याबरोबर खेळतो तेव्हा नेहमी राहू दे म्हणतो, अँड आय पिक इट अप. तूच शिकवला ना मला? आय थॉट इट वॉज द गोल्फ वर्ड."

शैलाताईंनी टीव्ही बंद केला. स्पर्धेचा निकाल अजून लागायचा होता, पण कोणी हरकत घेतली नाही. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "सांगा तिला डिनर कधी असतं ते."

डिनर नोव्हेंबरात होतं. मावशी पाहुण्या म्हणून गेल्या आणि मला बरोबर नेलं. त्यांनी काळी साडी नेसली होती आणि वसंतरावांचं मनगटी घड्याळ घातलं होतं, ते हाताला फार मोठं होत होतं. जेवणानंतर सबनीस उठले. त्यांनी व्यवस्थित, स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, की अनेक वर्षांपूर्वीच्या एका अंतिम सामन्यात त्यांनी प्रतिस्पर्ध्याला पट दिला होता, कमिटीला त्याउलट सांगितलं, आणि तो कप त्यांचा नव्हता. प्रतिस्पर्ध्याचं नाव डॉ. वसंत प्रधान.

बहुतेक सभासद नवे होते. त्यांना वसंतराव कोण ते माहीत नव्हतं. त्यांना फक्त एक वयस्क माजी कॅप्टन उभा राहून चूक कबूल करताना दिसला. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवल्या. दोन टेबलांवरची माणसं उभी राहिली. सध्याचे कॅप्टन म्हणाले, की हाच या खेळाचा खरा बाणा. सबनीसांचे डोळे भरून आले. त्यांनी मान लववली.

मी मावशींकडे पाहिलं. इतक्या वर्षांनी जे मिळवलं ते त्यांच्या डोळ्यांदेखत त्याच माणसाच्या पदरात पडत होतं. टाळ्या थांबेपर्यंत त्या बसून राहिल्या. मग उठल्या. त्या इतक्या बुटक्या होत्या, की त्या उभ्या आहेत हे लोकांना कळायला क्षण लागला.

"मी मिसेस प्रधान," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "डॉक्टर सबनीसांना हे त्या संध्याकाळीही माहीत होतं. माझे पती जिवंत असताना रोज माहीत होतं. त्यांच्या अंत्यविधीला ते आले तेव्हाही माहीत होतं. आता त्यालाही टाळ्या वाजवा."

कोणी वाजवल्या नाहीत. सबनीस खुर्चीची पाठ धरून उभे होते. त्यांना बसायला कोणी सांगितलं नाही आणि आपण होऊन बसावं की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. मावशींनी पुडिंग संपवलं. गाडीत त्यांनी सीटबेल्ट लावला आणि म्हणाल्या, "कस्टर्ड थंड होतं."

क्लबनं नंतर पत्र पाठवून विचारलं, की विजेत्यांच्या फलकावर डॉ. प्रधान यांचं नाव घालू का. मावशींनी कळवलं, की त्या भिंतीवर त्यांना नवऱ्याचं नाव नको आहे, फक्त तिथलं दुसरं नाव पुसावं. ते पुसलं. त्या जागी आता त्या वर्षापुढे मोकळी पट्टी आहे. मी ती पाहिली आहे.

मी अनेक वर्षं बातम्या लिहिल्या आणि त्यात सूड हा शब्द बहुधा कोर्टाच्या निकालांत वापरला. मावशींना भेटेपर्यंत मला वाटे, की तो माणसाला आतून खातो. त्यांना त्यानं खाल्लेलं मी पाहिलं नाही. त्या नीट जेवत, शांत झोपत, मंडळातल्या बाळंतिणींना डबे नेत, आणि कोणाच्याही आजारपणात आधी पोचत. त्यांचं एवढंच म्हणणं होतं, की माफी ही ज्याचं नुकसान झालं त्यानं द्यायची असते, आणि तो माणूस आता नाही. "त्याच्या वतीनं मी कशी देणार?" त्या विचारत.

मागच्या हिवाळ्यात त्या आजारी पडल्या आणि ज्या हॉस्पिटलात त्यांनी आयुष्य काढलं, तिथेच एका बाजूच्या खोलीत होत्या. छातीत पाणी झालं होतं. बोलताना दम लागे, तरी येणाऱ्या-जाणाऱ्यांची थट्टा चालू होती. एका दुपारी नर्स आत आली. बाहेर एक डॉक्टर सबनीस आले आहेत, आत येऊ का विचारताहेत, असं तिनं सांगितलं. मावशींनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला.

"त्यांना सांग," त्या म्हणाल्या, "पेशंटनं कन्सेंट दिलेली नाही."

नर्स बाहेर गेली. सबनीस गेले नाहीत. ते कॉरिडॉरमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, मांडीवर फळांची पिशवी घेऊन, आणि भेटीची वेळ संपेपर्यंत बसून राहिले. मी खिडकीशी होतो, मला ते दिसत होते. वारा येतो म्हणून मी दार लावायला उठलो. मावशींनी नको अशी मान हलवली.

"उघडं ठेव," त्या मास्कमधूनच म्हणाल्या.